एकोणीस फळ्यांची भिंत

मला अजून भिंतींची स्वप्नं पडतात. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी दुपारी जेवून जरा कलंडले की एखादी भिंत येऊन उभी राहते. बायकांना म्हणे स्वप्नात माहेर दिसतं. मला नऊ इंची वीटकाम दिसतं, त्याला काय करणार? बहुतेक भिंती कुठल्या गावच्या हेही आठवत नाही. एक मात्र नेहमीची आहे. ती लाकडाची आहे, एका अंगानं हिरवी, दुसऱ्या अंगानं नुसता उघडा साग. स्वप्नात ती आपली आपण चालते. पोरं जिकडं सरकतील तिकडं सरकते, आणि मी दारात उभी राहून म्हणत असते, ‘अगं, थांब की जरा!’ ती काही थांबत नाही.

जागेपणी ती भिंत मीच बांधली होती. तिच्याबद्दल मी आजवर कुठं लिहिलं नाही, कारण लिहायचं तर आपली चूकही लिहावी लागते. आता काय, वय झालं. चूक लिहिली म्हणून कुणी मेमो देणार नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मी बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर होते. डिप्लोमा करून लागलेली बाई त्या दिवसांत नवलाची होती. साइटवर गेले की गवंडी आधी माझ्या पाठीमागं बघायचा, साहेब कुठं राहिले म्हणून. साहेब नाहीत, मीच आहे, हे पटायला त्याला एक चहा लागायचा. माझ्या वाट्याला रस्त्याखालच्या मोऱ्या, दवाखान्याच्या पडव्या आणि मुख्य म्हणजे शाळाखोल्या यायच्या. नव्वद सालानंतर गावोगाव शाळाखोल्या निघाल्या आणि माझी एस्टी, शेअर जीप आणि पायपीट सुरू झाली.

शाळा कशी बांधतात, ते थोडक्यात सांगते. इंजिनियर बसून सुंदर नकाशा काढतो, असं लोकांना वाटतं. छे! नकाशा वरून छापूनच येतो. त्याला टाइप प्लॅन म्हणतात. दोन खोल्या, मधे पक्की भिंत, पुढं व्हरांडा. पश्चिमेला डोंगरात पाऊस आडवा येऊन पोरांच्या पाट्या धुऊन जातो, आणि पूर्वेला आणे गावच्या पठारावर नुसता वारा आणि ऊन. दोन्हीकडं तोच नकाशा. आमचं काम म्हणजे पाया खणून तो कागद जमिनीवर उतरवायचा आणि मापं मापवहीत लिहायची. पण नकाशा आणि जमीन यांच्यामधे थोडी फट असते, आणि मला त्या फटीत बसून स्वप्नं बघायची सवय होती. आमचे डेप्युटीसाहेब म्हणायचे, “या बाईंना काम द्या, पण पेन्सील देऊ नका.”

ती सवय मला आण्याच्या एका म्हातारीनं लावली. तिथं शाळेच्या खिडक्या बसवत होतो. म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, ती थांबली. “काय गं पोरी, ही खिडकी मास्तरासाठी ठिवली का?” म्हटलं, मुलांसाठी आहे, आजी. “मंग पोरं काय उभी ऱ्हाऊन शिकत्यात व्हय?” मी आत जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले. खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं. ना शेळ्या, ना रस्ता, ना म्हातारी. जमिनीपासून तीन फुटांवरची खिडकी मी दीड फुटावर उतरवली आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. तेव्हापासून कुठल्याही शाळेच्या साइटवर गेले की आधी जमिनीवर बसायचं, असं ठरवून टाकलं.

आता त्या वाडीवर येते. तिचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी चांगलं बोलतात, ते तसंच राहू दे. पारगावच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वासाच्या टप्प्यात ती आहे. हंगामात तिथं हवेतच गोडसर, आंबूस गुंगी असते. उसाच्या मळ्यांमधून चालताना रस्ता वळतो की आपण वळतो, ते कळत नाही. मला तिथं नेहमी अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी, आणि एकटे गुरुजी. सडपातळ, हळू बोलणारे, कुणाला ‘नाही’ म्हणता न येणारे. दुसऱ्या शिक्षकाची जागा कागदावर होती, माणूस नव्हता. पावसाळ्यात पटावर वाडीची चाळीसेक पोरं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, मळ्याच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडायच्या, आणि शाळेत आणखी तितकीच पोरं वाढायची. होळीनंतर, चैत्रात टोळ्या निघून गेल्या की पुन्हा चाळीस.

पायाच्या आखणीसाठी चुन्याची फक्की टाकत होतो, तिथं गुरुजींनी मला गाठलं. म्हणाले, “म्याडम, एक विचारू का? मधी भिंत घातली तर मी कुठल्या खोलीत बसू? एकीकडं शिकवायला लागलो की दुसरीकडं बाजार. आन् भिंत नसली तर पावसात एवढ्या मोठ्या खोलीत चाळीस पोरं गारठत्यात. भिंत पायजे बी, आन् नको बी.”

भिंत पाहिजे पण, आणि नको पण! दुसरा कुणी इंजिनियर असता तर हसून फक्की टाकत पुढं गेला असता. मी मात्र तीन दिवस त्या वाक्यात राहिले. घरी पोळ्या करपवल्या. मग एका सकाळी नारायणगावच्या पेठेतून जात होते. दुकानं उघडत होती. शटरं अजून सगळीकडं आली नव्हती. जुन्या दुकानांना उभ्या फळ्या असायच्या. खाली उंबऱ्यात एक खाच, वर तुळईत एक खाच. फळी एका टोकाला आत घालायची आणि सरकवत न्यायची, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. फळ्या हातानं कापलेल्या, म्हणून प्रत्येकीवर आकडा. आकडा चुकला की फळी अडकलीच म्हणून समजा. शेवटच्या फळीवर लोखंडी आडवी पट्टी, आणि पट्टीला कुलूप. एक किराणावाला बघता बघता भिंतीचं दुकान करून मोकळा झाला. मी भर रस्त्यात उभी. मागून जीपवाला हॉर्न वाजवतोय, “ओ ताई, झोपला का?”

झोपले नव्हते. मला माझी शाळा दिसत होती.

नकाशावर मी दोन खोल्यांच्या मधे भिंतीऐवजी ‘लाकडी विभाजन’ असं बारीक अक्षरात लिहिलं. बारीक अक्षर हे आमच्या खात्यातलं मोठं हत्यार आहे. दोन खोल्या त्या दोन खोल्या, असं म्हणून डेप्युटीसाहेबांनी सही केली. पावसाळ्यात फळ्या लावायच्या, दोन उबदार खोल्या. हंगामात पोरं वाढली की फळ्या काढायच्या आणि एक लांब खोली करायची, म्हणजे एकटे गुरुजी सगळ्यांना बघू शकतील. इतकं साधं होतं ते. माझ्या आख्ख्या नोकरीत मला स्वतःला सुचलेली ती एकच गोष्ट.

सुतार मिळाले गेनूमिस्त्री. सत्तरीचे, कानामागं बिडी खोचलेले, बोलणं कमी. त्यांनीच फळ्या आणल्या. पेठेतल्या एका दुकानाला शटर बसलं होतं आणि जुन्या फळ्या निघाल्या होत्या. “ह्या माझ्या बानं घडवल्या. मी पोर व्हतो, रंधा धराय शिकत व्हतो,” एवढंच ते म्हणाले. एकोणीस फळ्या, जुना साग, साठ वर्षं उन्हापावसात मुरलेला. रस्त्याकडचं अंग हिरवं रंगवलेलं, त्याच अंगावर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचे आकडे. दुकानातलं अंग उघडं, हात फिरवावा इतकं गुळगुळीत.

बसवताना मिस्त्रींनी मला हाक मारली. “म्याडम, ह्याची आतली बाजू कुठली आन् भाईरची कुठली?”

म्हटलं, “मिस्त्री, दोन्ही खोल्याच आहेत की. दोन्ही आतच.”

“तसं नसतंय. पट्टी आन् कुलूप एकाच अंगाला बसतंय. एक बाजू आत, एक भाईर. सांगा, कुठली?”

मी खिडकीची मापं घेत होते. डोक्यात भलतंच काही. मागं न बघता म्हणाले, “जिकडं गुरुजींचं टेबल, ती आतली. आहे ते कुलूपही राहू दे, चांगलं आहे.”

झालं. माझी चूक ती एवढीच. लिहायला एक ओळ लागली.

उद्घाटनाला वाडी लोटली. शाळेला जमीन देणारे आबा शाळा समितीचे अध्यक्ष होते. गावचा जुना बागाईतदार माणूस, तोंडानं फटकळ, पण शाळेवर जीव. पावसात स्वतः घमेली उचललेला माणूस आहे तो, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना भलतंच काही समजाल. पोरांनी फळ्या काढून दाखवल्या, पुन्हा लावून दाखवल्या, आकडे ओरडत. आबा खूश. “आयला, म्याडम, भिंत हाय का जादू! सोयीनं उघडायची, सोयीनं लावायची!”

मी मान डोलावली. तेच वाक्य पुढं माझ्या पदरात पडणार होतं.

पहिला पावसाळा छान गेला. मग दिवाळी झाली, टोळ्या आल्या, आणि मी मोठ्या हौसेनं माझी लांब खोली बघायला गेले. फळ्या लावलेल्या. पट्टी घातलेली. कुलूप.

गुरुजींच्या बाजूला वाडीची पोरं बसलेली. दुसऱ्या बाजूला, हिरव्या अंगाकडं तोंड करून, तोडणीवाल्यांची. तिथं शिकवायला कुणी नाही. गुरुजी तासातून एकदा व्हरांड्यातून वळसा घालून जायचे, पाटीवर काहीतरी गिरवायला द्यायचे आणि परत यायचे. मी विचारलं, कुलूप कुणी लावलं? गुरुजी खडू चुरत म्हणाले, “आबांनी. किल्ली त्यांच्याकडंच असती. म्याडम, तुमची भिंत लई हुशार हाय हो. पण किल्ली तिच्याकडं न्हाई.”

मी तडक आबांच्या ओट्यावर. त्यांनी आधी चहा पाजला. मग शांतपणे म्हणाले, “औंदा चौथीची चार पोरं स्कॉलरशिपला बसवायचीत. वाडीतनं आजवर एक बी न्हाई मिळालेली. ती पोरं मधीच येत्यात, मधीच जात्यात. त्यांच्यासाठी गुरुजी पुन्यांदा पयल्यापासनं सुरू करत्यात, आमची पोरं बसत्यात माशा मारत. मी काय शाळेतनं काढलंय का त्यास्नी? खोली दिली, सावली दिली.”

म्हटलं, “आबा, भिंत उघडण्यासाठी केली होती.”

“सोयीनं लावायची म्हटल्यावर तुमीच मान डोलावली व्हती की. ही आमची सोय हाय.”

मी चहाची बशी खाली ठेवली आणि शाळेकडं निघाले. पक्की भिंत असती तर ती सरकारनं घातली असती. ही मी घातली होती, आणि कुठली बाजू आत हेही मीच सांगितलं होतं. मी त्या दुसऱ्या खोलीत जाऊन माझ्या सवयीप्रमाणं जमिनीवर बसले. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा येत होत्या. हवेत मळीचा वास आणि पलीकडून येणारा पाढ्यांचा आवाज. समोर सोललेला हिरवा रंग. दुकान बंद झाल्यावर बाहेर उभं राहिल्यावर जे दिसतं, तेच.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. दुसरीतली. मांडीवर धाकटा भाऊ झोपलेला. नाव छबू. गुरुजींनी पलीकडं चौथीला गणित घातलं. छबूनं फळीला कान लावला आणि समोरच्या हिरव्या रंगावर खडूच्या एवढ्याशा तुकड्यानं आकडे मांडायला लागली. मी बघत राहिले. पलीकडच्या पोरांचं उत्तर यायच्या आधी हिचं आलं, बरोबर आलं. मग ती पुढच्या फळीकडं सरकली, भावाला न जागं करता, बसल्या बसल्या.

“खडू कुठला गं?”

“तिकून येतो,” तिनं खालच्या फटीकडं बोट दाखवलं. “गुरुजी सोडत्यात.”

आबांना ‘नाही’ म्हणता न येणारा तो माणूस रोज त्या फटीतून एक खडू सरकवत होता. आणि मी, मोठी इंजिनियर, काय करत होते? खात्याकडं तक्रार केली तर डेप्युटीसाहेब म्हणणार, विभाजन मान्य नसेल तर नऊ इंची भिंत घालून टाका. म्हणजे ती फटही गेली. म्हणून मी गप्प बसले. तो हंगाम गेला. पुढच्या हंगामात टोळी परत आली, कुलूपही परत लागलं, आणि मी पुन्हा गप्प बसले. छबू तिसरीत गेली, पण तिकडच्याच बाजूला. याची मला लाज वाटते. ती लिहून ठेवते.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, चैत्रात वाडीची जत्रा आली. आबांनी मला जेवायला आग्रहानं बोलावलं. आमचा अबोला नव्हताच. जत्रेला गावजेवण, म्हणजे घरोघरच्या भाकरी गोळा होणार. शेकड्यानं भाकरी, त्या ठेवायच्या कुठं? दरवर्षी ही अडचण. कुणीतरी म्हणालं, शाळेच्या फळ्या काढा की! लगेच कुलूप निघालं. पोरांच्या शिक्षणासाठी न निघालेलं कुलूप भाकरीसाठी निघालं, आणि मला त्याचं हसूही आलं आणि रडूही.

फळ्या उचलून मांडवात आणल्या आणि ओळीनं बांबूला टेकवल्या. हिरवं अंग पुढं. ऊन चांगलं वर आलं होतं. एकोणीस फळ्यांवर, जमिनीपासून छबूचा हात पोचेल तिथवर, नुसती गणितं. भागाकार, गुणाकार, अपूर्णांकसुद्धा. मधे मधे शुद्धलेखनाचे शब्द. आबा चष्मा लावून एकेक फळी वाचत गेले. मला वाटलं, आता चिडणार.

“हे कुणी लिव्हलं?”

गुरुजी म्हणाले, “पलीकडच्या पोरीनं. छबूनं.”

“चौथीची गणितं हैत ही. कितवीत हाय ती?”

“तिसरीत.”

“शिकवलं कुणी?”

गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं असावं. “तुमच्या स्कॉलरशिपच्या पोरांना शिकवत व्हतो आबा, तेच ऐकून.”

आबांनी चष्मा खिशात घातला. मग बायकांकडं वळून एवढंच म्हणाले, “घासून घ्या नीट. भाकरी ठिवायच्यात.”

आमच्याकडच्या बायकांना ‘नीट घासा’ असं सांगावं लागत नाही. भाकरी ज्यावर ठेवायची ते भांड्यासारखंच घासायचं, ही रीत. राख आणि नारळाची शेंडी घेऊन चौघी बसल्या आणि फळ्या अशा घासल्या की खडू गेला, साठ वर्षांची धूळ गेली, निम्मा हिरवा रंग गेला, आणि त्याच्याबरोबर वरच्या कोपऱ्यातले पांढरे आकडेही गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जेवण झकास झालं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

दोन दिवसांनी फळ्या परत लावायला घेतल्या, तर पहिलीच अडकली. दुसरी लावून बघितली, ती सैल. एकोणीस फळ्या, एकीवरही आकडा नाही. दुपारपर्यंत वाडीच्या तरण्या पोरांनी घाम गाळला. मग आबांनी गेनूमिस्त्रींना सांगावा धाडला, आणि मलाही, कारण भिंत माझी.

मिस्त्री आले. सगळे शाळेत जमलो. वाडीची पोरं एकीकडं, तोडणीवाल्यांची पोरं आपल्या नेहमीच्या बाजूला. मधे जमिनीत फळ्यांची नुसती खाच. मिस्त्रींनी एक फळी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि बाजूला उभी केली. दुसरी उचलली, फिरवला, तिच्याशेजारी. तिसरी. चौथी. मी अगदी जवळ उभी होते. चारही फळ्या कडेला कड लागून बिनचूक जुळल्या होत्या. बापानं घडवलेल्या फळ्या! आकडे कशाला लागतात त्यांना? मला वाटलं, अर्ध्या तासात भिंत उभी राहणार.

मिस्त्रींनी पाचवी फळी उचलली आणि थांबले. खाचेच्या पलीकडं छबू बसली होती, भावाला मांडीवर घेऊन. ती मिस्त्रींच्या हाताकडं बघत होती, फार बारकाईनं. एका फळीनंतर दुसरी कुठली येते हे तीही शिकत असावी. मिस्त्री तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी पाचवी फळी खाली ठेवली. लावलेल्या चारही उचलल्या, ढिगाऱ्यात टाकल्या, आणि पत्ते पिसावेत तशा सावकाश पिसल्या.

“न्हाई बसत आता,” ते म्हणाले. “लाकूड फुगलंय.”

बाहेर चैत्राचं ऊन. जुना साग, आणि ओल कुठल्या कुठं नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फुगत नाही, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. गुरुजींना ठाऊक होतं. आणि आबा तर शेतकरी माणूस. औतापासून घराच्या दारापर्यंत सगळं लाकूड हाताखालून गेलेलं. त्यांनी मिस्त्रींकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“इंजिनियर काय म्हणत्यात?”

मी म्हणाले, “फुगलंय, आबा.”

आबांनी खिशातून किल्ली काढली, हातात जरा खेळवली आणि गुरुजींच्या टेबलावर ठेवली. “गेनू म्हणतोय, म्याडम म्हणत्यात, म्हंजे फुगलंच असंल,” ते म्हणाले, आणि टोपी सारखी करत बाहेर पडले.

मला हसू फुटत होतं. सुटलो एकदाचे, असं वाटलं. गुरुजींनी टेबल उचलून खोलीच्या मधोमध आणलं, बरोबर खाचेजवळ. म्हणाले, “या रे सगळी, पुढं या.” पण तोडणीवाल्यांची पोरं जागची हलली नाहीत. भिंत गेली होती, तरी ती खाचेच्या तिकडच्याच बाजूला बसून राहिली. छबूला मी म्हटलं, “अगं जा की पुढं, आता मोकळं आहे.”

तिनं विचारलं, “फळ्या फुगल्या?”

“हो.”

तिनं खाचेत बोट घालून बघितलं. “मंग वाळल्यावर?”

टोळी जायला तीन आठवडे राहिले होते. पुढच्या वर्षी वाडी कुणाची सोय बघणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारायणगावहून सिमेंट घेतलं, पाटीभर वाळू मागवली, आणि गवंड्याची वाट न बघता पदर खोचून बसले. माझ्या नोकरीत मला एकच गोष्ट सुचली होती, ती मी माझ्या हातानं थापीनं बुजवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सोळा फूट खाच. पोरं भोवती जमून बघत होती. वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. थापी फिरवताना डोळे भरून आले होते, आणि मी पोरांना सांगितलं की सिमेंट डोळ्यांत गेलं.

काम झाल्यावर छबूनं वाकून बघितलं. ओल्या सिमेंटवर पाय पडू नये म्हणून भावाला कडेवर घेतलं, मोठी ढांग टाकली आणि गुरुजींच्या टेबलासमोर दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. तीन आठवडे ती तिथं बसली. मग टोळी गेली, आणि पुढच्या वर्षी ती टोळी आमच्याकडं आली नाही. मुकादम बदलला की कारखाना बदलतो. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी कधी शोध घेतला नाही, याचंही वाईट वाटतं.

फळ्यांचे गेनूमिस्त्रींनी बुटके बाक केले. आबांनी ते स्वतःच्या बैलगाडीतून शाळेत आणून टाकले आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या टोळ्या आल्या तेव्हा सगळ्या पोरांना त्यावर एका ओळीत बसवलं, मला न विचारता. बदली झाल्यावर मी एकदाच तिथं गेले. लांब खोली, एकोणीस बाक. गुरुजी म्हणाले, पावसाळ्यात पोरं गारठतात थोडी, पण जवळ जवळ बसतात.

मापवहीत मी कधी दुरुस्ती केली नाही. कागदावर त्या शाळेला आजही दोन खोल्या आहेत.